शांताक्कांच्या पूजेतली माणसं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मिरची कांडायचा डंक म्हटलं की विरूपाक्ष अप्पांचा, आणि देवाशी गप्पा म्हटलं की त्यांच्या बायकोच्या, शांतादेवींच्या. पेठ त्यांना शांताक्का म्हणायची. दोन्ही गोष्टी एकाच घरात चालत, पुढच्या खोलीत डंक आणि मागच्या खोलीत देव. डंक सुरू झाला की बोळातून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं सरकत नसे. अप्पा दिवसभर त्या मिरचीच्या तिखट खाटातच असत. डोळ्यांना बाराही महिने पाणी, नाक लाल आणि तोंड बंद. डंकाच्या धाडधाडीत बोलून उपयोग नसतो, आणि डंक थांबल्यावर बोलायची सवय राहिलेली नसते. त्यामुळं घरातलं बोलणं सगळं शांताक्कांच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यांनी त्या कामात कधी कसूर केली नाही.

त्या मुरगूडच्या लिंगायत घरातल्या. आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं टक लावून बसायचं. हे होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही. इथवर सगळं चारचौघींसारखंच. पण त्यांच्या आईनं त्यांना आणखी एक वळण लावून दिलं होतं. पूजा आटोपली की लिंग परत डबीत ठेवण्याआधी आपल्या माणसांची नावं घ्यायची. एकेकाचं, वेगवेगळं. आई म्हणायची, "नाव घेताना त्येचं तोंड डोळ्यापुढं आलं पायजे. नुसतं नाव घेशील तर ती शाळंतली हजेरी झाली. देवाला हजेरी घिऊन काय करायचं हाय?"

तर शांताक्का रोज नावं घेत. आधी अप्पांचं, मग एकुलत्या एका लेकीचं, सुष्मिताचं. मग मुरगूडच्या भावाचं, त्याच्या बायकापोरांचं, शेजारच्या बयाबाईचं. भावाची म्हैस अडली होती तेव्हा काही दिवस म्हशीचंसुद्धा. पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच असेल तेव्हा गोलकीपरचं. समोरच्या संघाच्या गोलकीपरचं नाव घ्यायचं नाही, पण त्याचं वाईटही चिंतायचं नाही, एवढा न्याय त्या पाळत. या सगळ्याला चहाला उकळी फुटायला लागतो तेवढाच वेळ लागे. सुष्मिता शाळेत असताना दप्तर पाठीला लावून खोलीच्या दारात उभी राहायची आणि आपलं नाव आलं की पळायची. नाव यायच्या आधी घर सोडलं तर आपण गणितात आपटणार, अशी तिची पक्की समजूत होती. गणितात ती तरीही आपटायचीच, पण त्याचा दोष तिनं कधी देवाला किंवा आईला दिला नाही.

पूजेवरून उठताना शांताक्कांच्या तोंडावर पोटभर जेवल्यासारखं समाधान असे. बयाबाईला तर त्याचा हेवा वाटायचा. ती म्हणायची, "मी बी देव पूजतो की, पर मला कसं न्हाई असलं काय व्हत?"

टीव्ही घरात आधीपासून होता. पण तो संध्याकाळी थोडा वेळ लागायचा आणि बातम्या देणारी बाई बातम्या देऊन, नमस्कार करून निघून जायची. नमस्कार झाला की जगाचा कारभार त्या दिवसापुरता मिटला, आता पानं वाढायची. कारगिलची लढाई लागली तेव्हा अप्पांनी केबल घेतली. शांताक्कांचा भाचा फौजेत होता आणि तो नेमका कुठं आहे हे मुरगुडात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या भागात घरटी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळं त्या उन्हाळ्यात सगळा मुलूख टीव्हीपुढं बसला होता. केबलवरच्या बातम्यांना नमस्कारच नव्हता. केव्हाही लावा, कुणीतरी धापा टाकत सांगतच असायचं.

भाचा पठाणकोटला सुखरूप होता. दिवाळीला आला आणि डबाभर चकल्या खाऊन गेला. केबल मात्र राहिली. आणि त्या दिवसांत पडद्यावर बघितलेली एक बाईही राहिली. कुठल्यातरी थंडीच्या मुलखातली म्हातारी, मांडीवर मुलाचा फोटो उपडा घालून बसलेली. तिचं नाव शांताक्कांना कळलं नाही, पण तोंड इतकं लख्ख डोळ्यांपुढं उभं राहायचं की आईच्या नियमात ते चपखल बसत होतं. "ती फोटो उपडा घातल्याली बाई," असं म्हणून त्यांनी तिला पूजेत घेतलं. त्या सकाळी त्या खूप रडल्या आणि रडून उठल्यावर त्यांना बरंही वाटलं, हेही सांगायला पाहिजे. आपल्या हातून लांबच्या माणसासाठी काहीतरी झालं, असं वाटण्यात एक सुख असतं. सुरुवातीला तरी असतं.

मग एका जानेवारीत, पेठेतली पोरं झेंडावंदनाहून घरी आली त्या दिवशी भूजचा भूकंप झाला. शांताक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. विटांच्या ढिगावर बसून हातानं माती उपसणारी एक बाई त्यांनी बघितली, आणि बाहेर काढलेलं, पांढऱ्या धुळीनं माखलेलं एक पोर बघितलं. दोघंही पूजेत आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या त्या उंच इमारती पडल्या. सगळे चॅनेल तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. बयाबाई दारात उभी राहून म्हणाली, "आगं शांताक्का, ह्येंच्यात इमारती तरी किती हायत? कालधरनं पडायल्यात." हसण्यासारखं होतं, पण शांताक्का हसल्या नाहीत. खिडकीतून पांढरं फडकं हलवणारा माणूस त्यांनी बघितला होता. त्यालाही त्यांनी घेतलं.

अशी माणसं वाढत गेली. दंगलीतली, रेल्वेच्या अपघातातली, लढाईतली. त्यांची नावं नाहीत, गावं नाहीत, खुणा तेवढ्या. चहाला उकळी फुटण्याइतकी पूजा दूध आटून खवा होण्याइतकी झाली. पोटात पाण्याचा थेंब नसल्यानं उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा तर त्या भिंतीला धरून खालीच बसल्या. बयाबाई म्हणाली, "देव म्हणत आसंल, ही बाई रोज येती आन् रेशनची यादी वाचती." अप्पाही डंक थांबवून, आयुष्यात क्वचित बोलतात तसं एक वाक्य बोलले. ते म्हणाले, "जग तुझ्या गळ्यात कुणी बांदलंय काय?"

"बघितल्यावर सोडवत न्हाई," शांताक्का म्हणाल्या.

"मग बघू नगो."

ते काही त्यांना जमलं नाही. एखाद्याच्या दारात मयत झालं तर आपण खिडकी लावून घेत नाही, जाऊन बसतो. शांताक्कांची वृत्ती तीच. फरक एवढाच की पेठेत रोज मयत होत नाही आणि टीव्हीत रोज होतं. माणसाचं काळीज पेठेच्या मापानं घडवलेलं असतं. त्यात कुणी रोज अख्खं जग ओतायला लागलं तर ते फुटत नाही, बधिर होतं. शांताक्कांचं तसंच झालं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या रोजच्यासारख्याच वागत होत्या. आधी त्यांना रडू यायचं. मग नुसतं डोळ्यांत पाणी यायचं. मग तेही येईना. पण सवय लागली होती, त्यामुळं त्या खुणा न चुकता मोजत राहिल्या.

सुष्मिताचं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळे म्हणाले, अक्का थकल्यात. त्या थकल्या नव्हत्या. जिलेबीचं ताट हातात घेऊन उभ्या असताना त्यांच्या मनात येत होतं की आपण इथं जिलेबी वाढतोय आणि तिकडं काय चाललंय. असं मनात आल्यावर जिलेबी गोड लागत नाही. जावई सोमेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात होता, मुलगा सरळ होता, देणंघेणं काही नव्हतं. आनंद न होण्यासारखं काही नव्हतं. तो झाला नाही, एवढंच.

आणि त्याआधीच, पूजेला वेळ पुरेना म्हणून त्यांनी घरच्यांना एकात गुंडाळलं होतं. शेवटाला हात जोडून म्हणायचं, "आन् माझी समदी." अप्पा, सुष्मिता, भाऊ, बयाबाई, सगळे त्या दोन शब्दांत. घरचे खाऊनपिऊन बरे होते. ज्याला गरज त्याचं आधी, असा साधा हिशेब. यात चुकीचं काय, असं कुणी विचारलं असतं तर पटकन सांगता आलं नसतं.

लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा सुष्मिताला दिवस राहिले. ती फोनवर आधी हसली आणि मग रडली. "अव्वा, आता तुझं काम वाडलं बग," ती म्हणाली. "रोज दोघांचं नाव घ्याय लागणार."

"व्हय की," शांताक्का म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. पण ते वाटणं संध्याकाळच्या बातम्यांपर्यंतसुद्धा टिकलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पूजेत त्या शेवटाला नेहमीसारखं म्हणाल्या, "आन् माझी समदी." त्यांना वाटलं, त्यात तीही आली, पोटातलंही आलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी समुद्राची ती लाट आली. ते काही विचारू नका. चार-पाच देशांचे किनारे एका सकाळी पुसले गेले. टीव्हीवर मेलेल्यांचा आकडा रोज बदलायचा, भाजीचा भाव बदलावा तसा. शांताक्का सकाळी पूजेवरून उठल्या की टीव्हीपुढं, आणि टीव्हीपुढून उठल्या की चुलीपुढं. किनाऱ्यावर ओळीनं ठेवलेली पोरं त्यांनी बघितली. एक माणूस हातात लहान चप्पल घेऊन ओळीच्या कडेकडेनं चालत होता. शांताक्का त्याच्याकडं बघत होत्या आणि हातातली लसूण सोलत होत्या. लसूण सोलणं थांबलं नाही, हे त्यांचं त्यांनाच थोडं विचित्र वाटलं.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात सुष्मिताच्या पोटात दुखायला लागलं. पाचवा महिना होता. सोमेशनं गाडी करून तिला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं, पण उपयोग झाला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं काहींचं होतं, कुणाची चूक नसते, पुढं सगळं नीट होईल. कच्चं बाळंतपण झालं तरी ते बाळंतपणच. सुष्मिताला माहेरी आणलं. मधल्या खोलीत कॉट टाकली, कानाला फडकं बांधलं, शेक दिला, तूपभात भरवला. शांताक्कांच्या हातांनी सगळं केलं आणि काही म्हणता काही चुकलं नाही. टीव्ही त्याच खोलीत होता. तो बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सुष्मिता पहिले दोन दिवस छताकडं बघत पडून होती. तिसऱ्या दिवशी बयाबाई आळिवाची खीर घेऊन आली. बयाबाईचा आवाज म्हणजे तालमीतला आवाज, पण ती काही न बोलता कॉटवर बसली आणि तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यानं सुष्मिता फुटली. मोठ्यानं, लहान मुलासारखी रडायला लागली. "अव्वा," म्हणून तिनं आईकडं हात केला.

शांताक्का उशाशी बसल्याच होत्या. त्यांनी तिचा हात धरला, केसांवरून हात फिरवला. डोळे मात्र समोर होते, तिथं तो चप्पलवाला माणूस पुन्हा दाखवत होते. आणि त्या म्हणाल्या, "गप. गप बाळ. तिकडं बग जरा. येकेका बाईची चार-चार लेकरं लाटंनं न्हेली. वाडवल्याली लेकरं. तुझं तर आजून तोंडबी बगितलं न्हवतंस."

त्यांनी हे वाईट मनानं म्हटलं नाही. दुसऱ्याचं मोठं दुःख दाखवलं की आपलं लहान होतं आणि लहान झालं की सोसवतं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्या स्वतः कितीतरी दिवस तसंच करत होत्या.

सुष्मिताचं रडणं थांबलं. ओढणीचं टोक तिनं तोंडात धरलं आणि टीव्हीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "व्हय अव्वा. खरं हाय." बयाबाईनं खिरीची वाटी तिच्या हातात दिली तर तिनं ती सगळी खाल्ली. दारात अप्पा उभे होते, डंक त्या दिवशी बंद होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते नेहमीचंच असेल म्हणून कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर ती माहेरी असेपर्यंत रडली नाही. दिलेलं खाल्लं, सांगितलं तेव्हा झोपली, आणि ठरल्यापेक्षा लवकर कागलला गेली. फोन केला की "बरं हाय" म्हणायची. जेवलीस? बरं हाय. सोमेश कसा हाय? बरं हाय. शांताक्कांना वाटलं, पोरगी सावरली.

उन्हाळा आला. हा डंकाचा हंगाम. बोळात मिरच्यांची पोती घेऊन बायकांची रांग लागते. बयाबाई आपली मिरची कांडायला आली होती. नंबर यायचा होता म्हणून आत येऊन बसली आणि पाणी पिता पिता म्हणाली, "शांताक्का, एक इचारू? तवा पोरीला तू काय बोललीस, ते तुला ठावं हाय न्हवं?"

"काय बोललो?"

बयाबाईनं शब्दाला शब्द सांगितलं. वर म्हणाली, "माझ्या आईनं मला आसं म्हणलं आसतं तर मी पुन्यांदा तिचा उंबरा चडलो नसतो. तुजी पोरगी गुनाची."

शांताक्कांना राग यायला हवा होता, नाहीतर लाज वाटायला हवी होती. दोन्हीपैकी काही झालं नाही. आपण असं बोललो हे त्यांना आठवलं, अगदी चप्पलवाल्या माणसासकट आठवलं. बयाबाईचा नंबर आला म्हणून ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पूजेत, ओळीत आधी असलेल्या सगळ्यांना बाजूला ठेवून त्यांनी सुष्मिताचं नाव घेतलं. तिचं तोंड डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. ते येईना. विटांवरची बाई आली, फडकं हलवणारा माणूस आला, पांढऱ्या धुळीतलं पोर आलं. स्वतःच्या पोटची पोर, जिचं तोंड दूध पाजताना दिवसचे दिवस बघितलं होतं, ती येईना. बेलाचं पान तळहातावर सुकायला लागलं. तेव्हा त्यांनी मागं जाऊन आठवून बघितलं की आपण हिचं नाव शेवटचं कधी घेतलं. लाटेच्या आधी नाही. तिला दिवस राहिले तेव्हा नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. रोज दोघांचं घ्यायला लागणार म्हणून ती फोनवर हसली होती, आणि पोटातलं होतं त्या पाच महिन्यांत त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

नाव घेतलं असतं तर मूल राहिलं असतं असं काही नसतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते खरं, आणि शांताक्का काही अडाणी नव्हत्या. पण देव ऐकतो की नाही हा प्रश्नच वेगळा. आपण नाव घेतलंच नाही, हा मात्र आपला दोष. त्यांनी रडू येण्याची वाट बघितली. मग अप्पांची चहाची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

कागलला जाऊन पोरीशी बोलायचं त्यांनी ठरवलं, पण हंगाम संपेपर्यंत निघता आलं नाही, आणि हंगाम संपला तोवर पाऊस लागला. त्या वर्षी पंचगंगेनं पात्र सोडलं. शुक्रवार पेठेत पाणी शिरलं, हायवे बंद झाला, दूध मिळेना. पाणी हाकेच्या अंतरावर होतं आणि शांताक्का ते टीव्हीवर बघत होत्या. बयाबाई दोन वेळच्या भाकऱ्या बांधून पुरातल्या माणसांसाठी देऊन आली. शांताक्कांनी पीठ दिलं, पण त्या गेल्या नाहीत. इतक्या ठिकाणचं पाणी त्यांनी बघितलं होतं की आपल्या गावचं पाणी वेगळं कसं बघायचं ते त्यांना कळेना.

पाणी ओसरलं, श्रावणातला एक सोमवार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून कागलला गेल्या. सुष्मिताचं घर दोन खोल्यांचं, टापटीप. सोमेश कामावर गेला होता. सुष्मितानं दार उघडलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बस अव्वा. चा टाकतो."

टीव्ही चालू होता. पुरानंतरचा चिखल उपसणारी माणसं दाखवत होते. सुष्मितानं चहा आणला आणि शेंगांची पाटी पुढ्यात ओढून टीव्हीकडं बघत शेंगा फोडायला बसली. शेंग फोडली की दाणे ताटात, टरफल पिशवीत, नजर पडद्यावर. शांताक्का तिच्याकडं बघत राहिल्या. वाळली नव्हती, आजारी दिसत नव्हती. तोंडावर काहीच नव्हतं.

"कशी हाईस?" शांताक्कांनी विचारलं.

"बरं हाय."

थोड्या वेळानं तिनं फडताळातली एक डबी काढून त्यातली तांबडी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि पुन्हा शेंगांपुढं बसली.

"कसली गोळी ती?"

"लोहाची. तिसरा लागलाय."

शांताक्कांच्या हातातला चहा तसाच राहिला. "आन् सांगितलं न्हाईस?"

"सांगणार हुतो. मग ह्ये पुराचं झालं," सुष्मिता म्हणाली. "मानसांची घरंच्या घरं ग्येली अव्वा. त्यात ह्येचं काय सांगायचं? ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, भांडता येतं. ती नुसती सांगत होती. आईनं शिकवलेलं ती आईपेक्षा चांगलं शिकली होती. गणितात कच्ची पोर, पण एवढं एक गणित तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

शांताक्का म्हणाल्या, "उद्यापास्नं मी पूजंत तुझं नाव घेतो. येगळं. पयलं."

"नगो," सुष्मिता म्हणाली. "मागल्या बारीला रोज घेतलंस की. काय झालं? देवाला तरी किती जणांचं बगायचं. तू तुझं केलंस, ते लई झालं."

इथं शांताक्का गप्प बसल्या असत्या तर जगात कुणाला काही कळलं नसतं. पोरीचा देवावरचा विश्वास गेला होता, पण आईवरचा नव्हता. आईनं आपल्यासाठी रोज मागितलं, एवढं तरी तिच्यापाशी होतं. ते राहू द्यावं की काढून घ्यावं? शांताक्कांनी पेला खाली ठेवला.

"मागल्या बारीला घेतलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

सुष्मिताचे हात चालूच होते. "काय?"

"नाव. तुझं घेतलं न्हवतं. लई जणं हुती, वेळ पुरत न्हवता. माझी समदी म्हणलं की त्यात तू आलीस असं धरून चाललो."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई."

सुष्मितानं हातातली शेंग पाटीत टाकली. टरफलं चिकटलेल्या हातानंच रिमोट उचलून टीव्ही बंद केला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाहेरून जाणाऱ्या कामगारांच्या सायकलींचा आवाज आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा तिनं आईच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"मग येवडा वेळ कुणाची घेत हुतीस नावं?" ती म्हणाली. "सांग की. कुणाची?"

शांताक्कांनी सांगायला तोंड उघडलं. मांडीवर फोटो घेतलेली म्हातारी, माती उपसणारी बाई, किनाऱ्यावरचा तो माणूस, सगळे आले, ओळीनं येऊन उभे राहिले. त्यातल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

"नावं मला ठावं न्हाईत," त्या म्हणाल्या.

सुष्मिता रडायला लागली. आज, आत्ता काहीतरी गेल्यासारखी रडायला लागली, दोन्ही हात पोटावर धरून, आवाज न आवरता. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. शांताक्का तिच्या समोर बसून राहिल्या. या वेळी त्यांनी तिला गप म्हटलं नाही. हात पुढं केला, पण तिनं तो बाजूला सारला, तेव्हा तो त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत मात्र तेव्हाही काही आलं नाही, आणि रडता रडता सुष्मिता त्या डोळ्यांकडंच बघत होती.